धावड्याचा डिंक बाइंडर म्हणून उत्तम, पण एसआर गोळी औषध धरून का ठेवत नाही?

धावडा_अमरावती (एम.फार्म., फार्मास्युटिक्स, दुसरं वर्ष)

नमस्कार. माझ्या प्रोजेक्टचा विषय आहे सस्टेन्ड रिलीज (एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळीत धावड्याच्या डिंकाचा बाइंडर (पावडर बांधणारा पदार्थ) म्हणून वापर. औषध डायक्लोफेनॅक सोडियम १०० मिग्रॅ, गोळीचं वजन ३५० मिग्रॅ. बाकी लॅक्टोज, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि शेवटी टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट.

डिंक परतवाड्याच्या बाजारातून आणला. सालीचे तुकडे हाताने वेचले, कुटला, पाण्यात रात्रभर भिजवला, मलमलीतून गाळला, इथेनॉल घालून साका काढला आणि ४५ अंशांवर ट्रे ड्रायरमध्ये वाळवून चाळला. ४ टक्के डिंकाची खळ करून वेट ग्रॅन्युलेशन केलं. गोळ्या दिसायला सुरेख. कडकपणा ६ ते ७ किलो, फ्रायबिलिटी (घासून होणारी झीज) ०.४ टक्के, कॅपिंग (वरची चकती सुटणं) अजिबात नाही.

डिझोल्यूशनमध्ये (गोळी द्रावणात ठेवून किती औषध सुटतं ते मोजायच्या चाचणीत) पहिले दोन तास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ३ टक्क्यांहून कमी औषध सुटलं. मला वाटलं जमलं. पण पीएच ६.८ च्या बफरमध्ये गेल्यावर दीड तासात जवळजवळ सगळं बाहेर. गाईड सरांनी डिंक वाढवायला सांगितला. १० टक्क्यांना लगदा इतका चिकट झाला की १६ मेशच्या चाळणीतून निघेना, वाळल्यावर दाणे खड्यासारखे टणक झाले आणि गोळ्यांवर ठिपके दिसू लागले. एवढं करून बफरमधले दीड तासांचे तीन तास झाले. मग एका सीनियरने कुल्लूचा, म्हणजे करायाचा डिंक जाडसर कुटून कोरडाच मिसळायला सांगितला. त्या गोळ्या भांड्यात फुगल्या आणि मधून फाटून दोन तुकडे झाले.

मला धावडा सोडायचा नाही. आमच्या भागातलं झाड आहे आणि त्यावर काम व्हावं असं मनापासून वाटतं. पण आता काय बदलू? आणि एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) विचारणारच की एचपीएमसी (कारखान्यात बनणारा, जेल धरणारा सेल्युलोजचा प्रकार) असताना डिंक कशाला. त्याला काय उत्तर देऊ?

---

पीजी_सांगली

धावडा सोडा, गवार गम घ्या. ३० टक्के घाला, बारा तास गोळी हलत नाही. आमच्या कॉलेजात सगळे तेच करतात.

---

वेर्णा_एफअँडडी

मी वेर्ण्याला एका कंपनीत फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंट बघते, मूळची कोल्हापूरची. माझं निम्मं आयुष्य सस्टेन्ड रिलीज गोळ्यांत गेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुला 'तू' म्हणते, चालेल ना?

सगळ्यात आधी तुझा आम्लातला आकडा बघू, कारण सगळं तिथे अडकलंय. ते ३ टक्के धावड्याचं कर्तृत्व नाही. डायक्लोफेनॅक हे दुर्बल आम्ल आहे, त्याचा पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) ४ च्या आसपास. पीएच १.२ च्या द्रावणात ते जवळजवळ विरघळतच नाही. तू डिंक न घालता, नुसत्या पीव्हीपीने (नेहमीच्या कृत्रिम बाइंडरने) बांधलेली साधी गोळी त्या भांड्यात टाकलीस तरी दोन तासांनी असाच लहान आकडा येईल. गोळी फुटून भुगा झालेली असेल, औषध पांढऱ्या कणांच्या रूपात तळाशी पडलेलं असेल, आणि तुझं औषध मोजायचं यूव्ही यंत्र सांगेल की काही सुटलं नाही. म्हणजे पहिले दोन तास औषधाने स्वतःच स्वतःला धरून ठेवलं. डिंकाची खरी परीक्षा बफरमध्ये सुरू झाली, आणि तिथे तो टिकला नाही.

डायक्लोफेनॅकवर डिंकांचे किती प्रबंध या एका गोष्टीवर उभे आहेत ते बघितलं की जीव तुटतो. आलेख छान दिसतो, सुरुवातीला सपाट, मग हळूहळू चढता, आणि खाली लिहिलेलं असतं की अमुक वनस्पतीच्या डिंकाने औषध नियंत्रित केलं. पोरं मेहनत करतात, जंगलातून डिंक आणतात, आणि निष्कर्ष मात्र औषधाच्या विद्राव्यतेचा निघतो. तुझ्या प्रबंधात हे होऊ नये असं मला फार वाटतं.

आता मूळ प्रश्न. तुझ्या विषयाच्या नावातच दोन कामं एकमेकांत मिसळली आहेत. बाइंडरचं काम पावडरीचे दाणे बांधायचं आणि दाबाखाली गोळी अखंड ठेवायचं. ते काम गोळी पाण्यात पडेपर्यंतचं. औषध हळूहळू सोडायचं काम गोळी पाण्यात पडल्यावर सुरू होतं, आणि ते मॅट्रिक्सचं, म्हणजे औषधाला चहूकडून धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं आहे. तुझ्या गोळीत ४ टक्के म्हणजे १४ मिग्रॅ डिंक. तो खळीच्या रूपात प्रत्येक दाण्यावर पातळ पापुद्र्यासारखा पसरलाय. पाणी लागलं की तो पापुद्रा विरघळतो, शिवाय लॅक्टोज विरघळून वाटा मोकळ्या करतं. धरून ठेवायला उरतं काय? ६-७ किलो कडकपणा आणि ०.४ फ्रायबिलिटी या आकड्यांवरून एवढंच कळतं की धावडा बाइंडर म्हणून पहिल्या प्रतीचा आहे, आणि तो आहेच. बाभळीचा डिंकही तसाच. गोळीत बाइंडर म्हणून तो साधारण १ ते ५ टक्के घालतात आणि गोळ्या दगडासारख्या होतात.

मॅट्रिक्सला लागतो जाड आणि टिकाऊ जेलचा थर. मेथीचा दाणा भिजत घातला की बाहेर बुळबुळीत आवरण येतं आणि आतलं बी बराच वेळ कोरडं राहतं, तसं. पाणी आत शिरतं, बाहेरचा थर फुगतो, औषध त्या थरातून वाट काढत बाहेर येतं, आणि त्याच वेळी थराची बाहेरची कड झिजत जाते. फुगणं आणि झिजणं यांचा तोल साधला तर आठ-बारा तास निघतात. हा तोल डिंकाच्या पाण्यातल्या दाटपणावर फार अवलंबून असतो. गवारीचं १ टक्क्याचं द्रावणच काही हजार सेंटिपॉइजचं (दाटपणाचं एकक) असतं, चमच्यातून नीट पडत नाही. बाभळीच्या डिंकाचं ३० टक्क्यांचं द्रावणसुद्धा ओतता येतं. धावडा बाभळीपेक्षा दाट, पण गवार आणि करायापुढे बराच पातळ. त्याचा थर तयार होता होताच धुऊन जातो. त्यामुळे १० टक्क्यांना दीडाचे तीन तास होणं अगदी अपेक्षित होतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या शुद्धीकरणात आहे, ती कुणी सांगत नाही. धावड्याचा डिंक पाण्यात सगळा विरघळत नाही. त्याचा काही भाग, ज्यात कॅल्शियम जास्त असतं, नुसता फुगतो आणि जेलीसारखा राहतो. तू मलमलीतून गाळलंस तेव्हा तो भाग सालीच्या कचऱ्याबरोबर फडक्यावर राहिला, आणि इथेनॉलने तू साका काढलास तो विरघळणाऱ्या, पातळ भागाचा. धरून ठेवण्याची जी थोडीफार ताकद होती तीच फेकली गेली. फडक्यावरचा गोळा पुढच्या वेळी टाकू नकोस. तो पुन्हा पाण्यात फुगवून, जाड चाळणीतून दाबून साल वेगळी कर, इथेनॉलने धुऊन वाळव, आणि दोन्ही भागांचं वजन, फुगण्याचं प्रमाण, दाटपणा वेगवेगळा मोज. तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात स्वतःचं, कुणाकडून न उचललेलं प्रकरण तेच होईल.

कुल्लूच्या गोळ्या का फाटल्या? कराया आपल्या आकारमानाच्या ६० ते १०० पट फुगू शकतो. तो जाडसर असला तर प्रत्येक कण सुटा फुगतो, शेजारच्या कणाशी त्याचा थर जुळायच्या आत गोळीला आतून ढकलतो आणि गोळी फोडतो. म्हणजे जाड कराया डिसइंटिग्रंटचं, गोळी फोडणाऱ्या घटकाचं काम करतो! तोच डिंक १०० मेशखाली, म्हणजे १५० मायक्रॉनपेक्षा बारीक केलास तर कण लवकर भिजतात, एकमेकांना चिकटतात आणि पृष्ठभागावर सलग थर धरतात. एकाच डिंकाचा कण बदलला की काम उलटं होतं. तुझ्या सीनियरचा सल्ला करायाबद्दल चुकीचा नव्हता, चाळणीबद्दल होता.

गोळीची रचना मी अशी करेन. बाइंडर म्हणून धावडा ३-४ टक्केच. मॅट्रिक्स म्हणून गवार, बारीक कराया किंवा चिंचोक्याचा डिंक, २० टक्क्यांपासून सुरू करून ४० पर्यंत. चिंचोका आपल्याकडे घोंगड्यांना आणि सुताला खळ द्यायला पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. त्यातलं झायलोग्लुकन धावड्यापेक्षा पुष्कळ चांगलं जेल देतं. पण नुसतं पीठ वापरू नकोस, त्यात प्रथिनं आणि तेल बरंच असतं. पाण्यात उकळ, गाळ बसू दे, वरचं द्रावण इथेनॉलमध्ये ओत, आणि साका वाळव.

लॅक्टोज काढून डायकॅल्शियम फॉस्फेट घाल. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे थरात भोकं पडत नाहीत.

मॅट्रिक्सचा डिंक पाण्याने ग्रॅन्युलेट करू नकोस. तो पाणी पितच राहतो, लगदा होतो, आणि वाळवताना वरून कडक, आतून ओला असे दाणे मिळतात. तुला १० टक्क्यांनाच त्याची चुणूक मिळाली, ३० ला मशीनच बंद पडेल. इथे दोन वाटा आहेत. एक, औषध आणि डायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे धावड्याच्या खळीने करायचे, वाळवायचे, आणि मॅट्रिक्सचा बारीक डिंक बाहेरून कोरडा मिसळायचा. म्हणजे धावडा तुझ्या विषयात टिकतो आणि त्याचं काम स्वच्छ दिसतं. दुसरी, सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलमधल्या पीव्हीपी के-३० ने बांधायचं, पण मग धावडाच गेला. मी पहिली घेईन. बाहेरून ३० टक्के गवार घातल्यावर प्रवाहिता बिघडते, हॉपरमध्ये पावडर अडते, वजन वरखाली होतं. थोडं कोलॉइडल सिलिका घाल आणि मशीन सावकाश चालव.

आता औषध. सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) मंजूर झाला असेल तर डायक्लोफेनॅक ठेव, पण एक पूर्ण डिझोल्यूशन सुरुवातीपासून पीएच ६.८ मध्येच कर आणि निष्कर्ष त्यावरून काढ. बदलता येत असेल तर थिओफिलिन बघ. पाण्यात मध्यम विरघळतं, पोटातल्या आणि आतड्यातल्या पीएचने त्याला फार फरक पडत नाही, त्यामुळे जे दिसेल ते डिंकाचं दिसेल. प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम हायड्रोक्लोराइड घेशील तर एक लक्षात ठेव. ही धनभारित औषधं आहेत. धावडा आणि करायात युरॉनिक आम्लं असल्याने ते ऋणभारित. दोघं एकमेकांना धरतात आणि औषध सुटायला उशीर होतो. तो परिणाम खरा असतो, पण जेलचा नसतो, वेगळा मोजावा लागतो. मेटफॉर्मिन घेऊ नकोस. ५०० मिग्रॅ औषधाला ४० टक्के डिंक घातलास की गोळी गिळवणार नाही.

आणि कंट्रोल बॅचेस. याशिवाय मी कुणाचाही डिंकाचा प्रबंध गंभीरपणे वाचत नाही. एक बॅच बाइंडर बदललेली, म्हणजे धावड्याऐवजी तेवढंच पीव्हीपी. एक मॅट्रिक्सशिवाय. एक मॅट्रिक्सच्या जागी तेवढाच एचपीएमसी के१५एम. तिन्ही एकाच दिवशी, एकाच पंचवर, सारख्या कडकपणाच्या. बाजारातली एसआर गोळीही शेजारी ठेव आणि एफ-टू, म्हणजे दोन आलेख किती सारखे आहेत तो आकडा काढ. ५० च्या वर आलं तर आलेख सारखे म्हणता येतात.

औषध कशा रीतीने सुटतं ते सांगणारं कोर्समेयर-पेपासचं समीकरण लावशील, सगळेच लावतात. ते पहिलं ६० टक्के औषध सुटेपर्यंतच वैध आहे. गोळीसारख्या सिलिंडरसाठी एन (त्यातला घातांक) ०.४५ च्या आसपास असेल तर विसरण (औषध थरातून पसरत बाहेर पडणं), ०.८९ च्या आसपास असेल तर थराचं शिथिलीकरण आणि झीज, मधलं असेल तर दोन्ही. पहिल्या ६० टक्क्यांत तुझे तीनच बिंदू असतील तर एन ला काही अर्थ नाही. सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या तासाला नमुने काढ.

एक्स्टर्नलच्या प्रश्नावर थोडं तिखट बोलते. 'नैसर्गिक म्हणून स्वस्त आणि सुरक्षित' हे उत्तर देऊ नकोस. इथेनॉलने साका काढलेला डिंक स्वस्त राहत नाही, हिशेब करून बघ. भावाचं म्हणशील तर अमेरिकेत शेल गॅसच्या विहिरींत गवार लागायला लागली आणि २०११-१२ मध्ये भाव असे भडकले की मार्च २०१२ मध्ये आपल्याकडे गवारीचे वायदे थांबवावे लागले. सुरक्षिततेचं म्हणशील तर गवारीच्या वजन कमी करायच्या गोळ्या लोकांच्या अन्ननलिकेत फुगून अडकल्या आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या एफडीएला त्यावर कारवाई करावी लागली. फुगणारी गोळी भरपूर पाण्याबरोबरच घ्यायची, हे तुझ्या प्रबंधातही असू दे.

खरं उत्तर असं दे. एचपीएमसीचं प्रतिस्थापन (सेल्युलोजवर किती रासायनिक गट जोडायचे) आणि दाटपणा कारखान्यात ठरवता येतो, आणि ती त्याची मोठी ताकद आहे, हे आधी मान्य कर. मग सांग की डिंकांना असे काही गुण आहेत जे एचपीएमसीला नाहीत. गवारीचं गॅलॅक्टोमॅनन मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडतात, पण पोटात आणि लहान आतड्यात ते बरंचसं टिकतं, म्हणून औषध थेट कोलनपर्यंत नेता येतं. आणि डिंक प्रयोगशाळेतच राहतात असंही नाही. पेनवेस्टचं टाइमरएक्स हे तंत्र कॅरोबच्या बियांचा लोकस्ट बीन गम आणि झँथन यांच्या जोडीवर उभं होतं. झँथन जीवाणूंपासून येतो, वनस्पतीचा नाही, पण दोघं एकत्र आले की एकेकट्यापेक्षा फार घट्ट जेल देतात. त्यावर बनलेल्या ऑक्सिमॉर्फोनच्या एसआर गोळीला अमेरिकेत २००६ मध्ये मंजुरी मिळाली. जोडी कशी निवडायची याचा विचार तिथून सुरू होतो. आणि तुझा धावडा अशाच जोडीतला एक असू शकतो.

सांगलीकर, गवार ३० टक्के घातली की गोळी बारा तास हलत नाही हे अर्धंच खरं आहे. पाण्यात खूप विरघळणाऱ्या औषधाला गवारीचा थर बनेपर्यंतच बरंच औषध पळून जातं, त्याला पहिल्या तासातला बर्स्ट म्हणतात. आणि सगळं कॉलेज एकच डिंक वापरतं हे तो वापरायचं कारण होऊ शकत नाही.

---

क्यूसी_तारापूर

वर मॅडमनी फॉर्म्युलेशनचं सगळं सांगितलं आहे. मी कच्चा माल तपासतो, म्हणून त्या बाजूने थोडं.

धावडा म्हणून विकत घेतलेला डिंक धावडाच आहे याचा पुरावा तुमच्याकडे काय आहे? डिंकात पेशी नसतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली झाड ओळखता येत नाही. ज्या झाडाचा डिंक, त्याची पानं, फुलं, साल यांचा नमुना घेऊन ओळख पटवून घ्यायला हवी. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, किंवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. बाजारातून आणलेल्या डिंकाला हे करता येत नाही, म्हणून पुढचा डिंक झाडाखालून घ्या.

घरच्या घरी होणाऱ्या चाचण्या: आयोडीन टाका, निळं झालं तर पीठ मिसळलंय. फेरिक क्लोराइड टाका, निळं-काळं झालं तर टॅनिन आहे, म्हणजे साल किंवा दुसऱ्या झाडाचा डिंक. गवारीच्या द्रावणात बोरॅक्स टाकलं की घट्ट जेल होतं. (यावरून आठवलं, गवारीच्या गोळीचं डिझोल्यूशन कधीही बोरेट बफरमध्ये करू नका.)

कराया वापरणार असाल तर डबा उघडल्यावर वास घ्या. त्यात ॲसिटिल गट साधारण ८ टक्के असतात, साठवणीत ते सुटतात आणि व्हिनेगरचा वास येतो. त्याबरोबर दाटपणाही उतरतो. म्हणजे जानेवारीतल्या आणि जूनमधल्या गोळ्या एकाच पोत्यातल्या करायाच्या असूनही वेगळ्या वागतील. पावडर जितकी बारीक तितकं हे लवकर होतं. त्यामुळे १०० मेशचा कराया लागेल तेवढाच कुटा, बाकीचा खड्यांच्या रूपात ठेवा. आम्लाने बिघडणारं औषध असेल तर करायाच्या वाटेला जाऊ नका. बाभळीच्या डिंकात पेरॉक्सिडेज एन्झाइम असतं, ते काही औषधांचं ऑक्सिडेशन करतं. खळ थोडा वेळ १०० अंशांवर तापवली की ते निष्क्रिय होतं.

जंतूंचं प्रमाण नक्की तपासा. जमिनीवर पडलेला डिंक आणि धूळ यांची सोबत कायमची. ई. कोलाय आणि साल्मोनेला असता कामा नये. गॅमा किरण देऊन निर्जंतुक करायचा मोह होतो, पण किरणांनी पॉलिसॅकराइडच्या साखळ्या तुटतात आणि दाटपणा जातो. निर्जंतुक केल्यावर दाटपणा परत मोजल्याशिवाय तो डिंक वापरू नका. खळ रोज ताजी करा, ती लवकर आंबते.

२००७ मध्ये भारतातून गेलेल्या गवार गममध्ये युरोपात डायॉक्सिन आणि पेंटाक्लोरोफेनॉल सापडलं होतं. त्यानंतर युरोपने आपल्या गवारीला तपासणीचा दाखला सक्तीचा केला. तेव्हापासून गवारीच्या मालाची कागदपत्रं आम्ही ओळ न ओळ वाचतो. 'निसर्गातून आलं' या वाक्याला गुणवत्तेच्या कागदावर जागा नसते.

---

मेळघाटचा

मी औषधशास्त्रातला नाही. चिखलदऱ्याकडे वनोपजाचं काम करतो. ताई, परतवाड्याच्या बाजारात येणारा डिंक गावोगावच्या छोट्या व्यापाऱ्यांकडून गोळा होतो आणि एका गोणीत चार झाडांचा असू शकतो. धावडा, खैर, बाभूळ एकत्र. वरून पांढरट, आतून लाल-तपकिरी खडे निघाले तर समजा मिसळ आहे. लाडवासाठी घेणाऱ्याला त्याने बिघडत नाही, तुमच्या कामाला बिघडतं.

धावड्याचा चांगला डिंक उन्हाळ्यात मिळतो. पावसाचा एक शिडकावा झाला की खडे धुपतात, काळे पडतात, धूळ धरतात. म्हणून एका झाडोऱ्यातला, एका हंगामातला, पावसाआधीचा डिंक घ्या आणि कधी, कुठून ते डब्यावर लिहा. आमच्याकडे कोरकू बाया तो वेचतात, त्यांना खड्याच्या रंगावरून आणि दातांना चिकटण्यावरून झाड सांगता येतं.

कुल्लूबद्दल एक विनंती. त्या झाडाला खोल खाचा मारून डिंक ओरबाडला की झाड वाळतं. कित्येक डोंगरांवर आता जुनं कुल्लू शोधावं लागतं. तुमचा प्रयोग यशस्वी झाला आणि मागणी वाढली तर काय होईल, हाही विचार प्रबंधात येऊ द्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क गावाला दिलाय. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून डिंक घेतला तर झाड कुठलं, वेचलं कुणी, पैसे कुणाला गेले, हे सगळं सांगता येईल. मी गाव सुचवू शकतो.

---

धावडा_अमरावती

मॅडम, सर, दादा, तिघांचे मनापासून आभार. आज दुपारी पीव्हीपीची, डिंक नसलेली गोळी आम्लात टाकून बघितली. दोन तासांत गोळी फुटून तळाशी भुगा आणि औषध ४ टक्के सुद्धा सुटलं नाही. गाईड सरांना तिथेच बोलावून भांडं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि थिओफिलिनसाठी अर्ज लिहायला सांगितला.

मलमलीवरचा गोळा मी टाकून दिला होता, पण अजून अर्धा किलो कच्चा डिंक आहे. दादा, या उन्हाळ्यात ग्रामसभेकडून नवा घेईन, तुम्हाला वेगळा निरोप करते.

दोन शंका उरल्या. धावड्याचा फुगणारा भाग थोडाच निघाला तर तो एकटा मॅट्रिक्स म्हणून वापरण्याइतका पुरणार नाही. मग तो गवारीबरोबर जोडीत घेऊ का? आणि फुगलेली गोळी भांड्याच्या तळाला चिकटून बसते, तेव्हा आकडे कमी येतात की मला तसं वाटतंय?

---

वेर्णा_एफअँडडी

भांडं दाखवलंस ते फार छान केलंस.

जोडीत घे, पण एकूण डिंक कायम ठेव. ३० टक्के एकूण, त्यात फुगणारा धावडा आणि गवार यांचं प्रमाण ०:३०, १०:२०, १५:१५ असं बदलत जा. एकूण वाढवलंस तर धावड्यामुळे फरक पडला की जास्त डिंकामुळे, हे कळणार नाही. दोघांच्या मिश्रणाचा दाटपणा वेगळ्याने मोज. तो दोघांच्या सरासरीपेक्षा ठळक जास्त आला तर ते खरंच एकमेकांना धरतायत. सरासरीइतकाच आला तरी लिही. धावडा गवारीला मदत करत नाही, हे नीट मोजलेलं कुणी लिहून ठेवलं तर पुढच्या विद्यार्थ्याचं वर्ष वाचेल.

तळाला चिकटण्याबद्दल तुझं निरीक्षण बरोबर आहे. गोळीची एक बाजू काचेला चिकटली की तिकडून पाणी शिरत नाही, औषध एकाच तोंडाने सुटतं आणि आकडा खोटा कमी येतो. एखाद्या भांड्यात चिकटते, दुसऱ्यात सुटी राहते, म्हणून सहा भांड्यांत फरकही मोठा दिसतो. तारेच्या वेटोळ्याचा सिंकर वापर, गोळी तळापासून थोडी वर राहते. वेटोळं सैल हवं, फुगायला जागा उरली पाहिजे, नाहीतर तारच थर कापते. बास्केटचा (गोळी ठेवायच्या जाळीच्या टोपलीचा) मोह नको, कराया आणि गवारीचं जेल जाळीत बसतं आणि जाळी बुजते. पॅडल, ५० आरपीएम, ९०० मिलि, ३७ अंश, आणि दर तासाला प्रत्येक भांड्यातली गोळी कुठे आहे, कशी दिसते, ते वहीत लिही. शक्य झालं तर फोटो काढ. ६ तासांनी एक गोळी बाहेर काढून ब्लेडने आडवी काप. आतला कोरडा गाभा किती मिलिमीटर उरलाय ते मोज, आणि ८ तासांनी परत. थिओफिलिन आलं की पहिल्या बॅचचे आकडे इथे टाक, मी बघते.